चुन्याचे दगड

आमच्या घरी सकाळी दूध यायचं ते आधी आरोपी म्हणून. आप्पा त्याचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेत, नख उजेडाकडे तिरपं करत आणि थेंब ओघळतो कसा ते बघत बसत. गवळी दारात उभा राहून तोवर आभाळ बघत असे. शेवटी आई आतून म्हणायची, "सोडा आता त्याला. च्या व्हायचाय." मग दुधाची सुटका व्हायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, जकात नाक्यावर नाकेदार होते. शहरात येणाऱ्या प्रत्येक गाडीत सांगितलेल्या मालाखाली न सांगितलेला माल असतोच, अशी त्यांची श्रद्धा होती आणि घरी आल्यावरही त्या श्रद्धेला सुट्टी नसे. मेथीच्या जुडीच्या पोटात गवत आहे का, तराजूखाली चिंच चिकटवली आहे का, शाळेतून यायला मला उशीर का झाला, सगळं त्यांना सारखंच जिव्हाळ्याचं. एकच प्रश्न ते मला जेवायच्या आधी एकदा आणि जेवल्यावर एकदा विचारत आणि दोन्ही उत्तरं जुळवून पाहत. त्यांना काय हसू, आज मी स्वतः टरबूज घेताना विक्रेत्याच्या चेहऱ्याकडे आधी बघते आणि टरबुजाकडे नंतर.

छावणीच्या बाजारामागे आमच्या दोन खोल्या होत्या. पहाटे मशिदीतून बांग यायची, मग लष्कराच्या बराकींकडून बिगुल आणि रविवारी त्यावर चर्चची घंटा. हे तिन्ही ऐकून आप्पा मनगटावरचं घड्याळ लावत, आणि तिन्हींवर त्यांचा विश्वास नसे. त्यामुळे ते घड्याळ सारखं दुरुस्तीला जायचं. बाजारात कादरचाचांचं घड्याळाचं दुकान होतं. उजव्या डोळ्यात काळं भिंग अडकवून, अत्तराचा फाया कानात ठेवून बसलेला हा माणूस दिवसभर लोकांची घड्याळं उघडायचा आणि आपल्या शिकारीच्या गोष्टी सांगायचा. त्यांच्या वडिलांकडे निजामाच्या काळात शिकारीचा परवाना होता. कन्नडच्या रानात बिबट्या कसा अंगावर आला आणि वडिलांनी त्याला नुसत्या खोकल्यानं कसा पळवला, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की त्यातला बिबट्या वाढत वाढत वाघ झालेला मला कळलाच नाही. पोलीस अॅक्शननंतर बंदुका ठाण्यात जमा झाल्या. राहिली फक्त दुर्बीण, पितळी, जड, मोठ्या कातडी पट्ट्याची. बंदूक गेल्यावर त्या दुर्बिणीनं काय करायचं, म्हणून चाचा पाखरं बघू लागले. आणि घड्याळ आणायला गेलेल्या आप्पांना त्यांनी एकदा दुकानाच्या पायरीवरून समोरच्या पिंपळावरचा हरियल दाखवला. हिरव्या पानांत हिरवं पाखरू. सांगितलेल्या मालाखाली न सांगितलेला माल. आप्पा तिथेच बाटले.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे भालेराव सर येऊन मिळाले आणि रविवारची मंडळी तयार झाली. कुणी बँकेतले, कुणी शाळेतले, दोघं-तिघं कॉलेजची पोरं, आणि मी. मी नववीत होते. मुलीच्या जातीनं उजाडताच माळावर जायचं म्हणजे शेजारणींना दिवसभर पुरेल इतका विषय, पण आप्पा बरोबर असत आणि आप्पांबरोबर कुणी वाद घालत नसे. सायकली काढायच्या, पडेगावाच्या अलीकडे उतरायचं आणि दौलताबादचा किल्ला डाव्या हाताला ठेवून माळानं चालत सुटायचं. उन्हं वर आली की बाभळीखाली बसून आईचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. चाचा छावणीतल्या बेकरीतून गरम नान आणत. आई दर रविवारी मला बजावायची, "त्या नानला कशाचा वास येतुया ते बघून खा," आणि मी दर रविवारी वास घ्यायची. खमंग वास यायचा. मग मी दोन खायची.

त्या उघड्या माळावर धाविक असायचा. हा पक्षी फार थोड्यांनी पाहिलेला असतो, कारण तो जमिनीच्याच रंगाचा. लांब पायांवर चार पावलं धावतो, थबकतो, मान खाली घालतो, की नाहीसा. घरटं म्हणून काही बांधत नाही. उघड्या खड्यांमध्ये अंडी घालतो आणि ती अंडी इतकी दगडासारखी की पायाखाली येईपर्यंत दिसू नयेत. तशी एक जोडी आमच्यातल्या एकाच्या चपलेखाली जाता जाता वाचली, तेव्हा आप्पांनी नाकेदाराच्या डोक्यानं उपाय काढला. नाक्यावर तपासलेल्या पोत्याला खूण करतात तशी खूण करायची. अंडी सापडली की त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, चुन्यानं पांढरा केलेला एक दगड ठेवायचा. म्हणजे कुणाचा पाय पडणार नाही, पुढच्या रविवारी शोधाशोध नको आणि नव्या माणसालाही लांबूनच दाखवता येईल. त्यासाठी आप्पा खिशात एक गोल पत्र्याची डबी ठेवत. तिच्यात कालवलेला चुना आणि तो फासायला कापसाचा बोळा. मंडळी पुढे सरकली की ते मागे राहून दगड रंगवत; बाकीच्यांना वाटे, दगड ते घरूनच रंगवून आणतात. सगळ्यांना ही युक्ती फार आवडली. पांढऱ्या दगडाभोवती आम्ही कोंडाळं करून उभे राहायचो, सर हळू आवाजात माहिती सांगायचे आणि लांबवर तो धाविक धावायचा, थबकायचा, धावायचा. आम्हाला वाटायचं, आम्ही त्याची राखण करतो आहोत.

मग अंडी नाहीशी होऊ लागली. एका रविवारी पांढरा दगड जागेवर आणि शेजारी काही नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या दगडापाशी तेच. तिसऱ्यापाशी तेच. सर गुडघ्यावर बसून खडे हातानं चाळत राहिले आणि उठून म्हणाले की जनावरानं खाल्लं असतं तर टरफल राहिलं असतं. इथं टरफलाचा तुकडा नाही, ओल नाही. उचलून नेलीत. आणि उचलून नेणाऱ्याला हात असतात. हे ऐकल्यावर सगळे एकमेकांच्या हातांकडे बघू लागले. जागा ठाऊक होत्या त्या आम्हालाच. म्हणजे चोर घरातलाच. सापडलेलं पाखरू दाखवायची हौस ओसरली. माणसं धपाटा हातात घेऊन दुसऱ्याच्या पिशवीकडे बघत खाऊ लागली.

संशयाला पाय फुटतात आणि ते उताराकडेच धावतात. आमच्यातला उतार म्हणजे कादरचाचा. शिकाऱ्याचं घर. तितर-बटेर खाल्लेली जीभ. गोष्टी फुगवून सांगायची सवय. शिवाय बँकेतल्या एकानं त्यांना आठवड्याच्या मधल्या वारी पडेगावाच्या वाटेवर सायकलवर पाहिलं होतं, एकट्याला, गळ्यात दुर्बीण. कुणी मोठ्यानं काही बोललं नाही. नुसतं "आपण काय बोलणार" असं म्हटलं जायचं आणि सगळ्यांना कळायचं. घरी मात्र आई बोलली. "तुमी त्या मानसाच्या पंगतीला बसता, आन् आता त्येच्यावरच डोळा? आदी नीट बघा तरी." आप्पा म्हणाले, बघणारच आहे. ते गप्प झाले की मला भीती वाटे. आमच्या गावाकडच्या घराची एक भिंत जळून काळी झालेली होती. ती कुणी काळी केली आणि कधी, हे आप्पांनी कधी सांगितलं नाही. चाचांच्या घरी भिंतीवर एका तरुण माणसाचा फोटो होता, तो त्यांचा थोरला भाऊ, आणि तो कसा गेला हे चाचांनीही कधी सांगितलं नाही. दोन्ही घरांत पोलीस अॅक्शनच्या त्या एका वर्षाबद्दल बोलायचं नाही असा नियम होता. पाखरांमुळे दोघांना बोलायला दुसरं काही मिळालं होतं.

मला वाईट वाटायचं ते वेगळ्या कारणानं. दुर्बीण धरायला मला चाचांनी शिकवलं होतं. "पहले खाली आँख से देखो बेटा. दुर्बीण बाद में. दुर्बीण ढूंढती नहीं, दिखाती है," असं ते म्हणत. त्यांच्या घरी ईदला मी शीरखुर्म्याच्या दोन वाट्या हक्कानं प्यायची. ते गेले असते तर माझी दुर्बीण गेली असती, शीरखुर्मा गेला असता आणि रविवारही गेले असते, कारण त्यांच्याशिवाय त्या मंडळीत हसणारं कुणी नव्हतं. तरी खरं सांगते, मलाही संशय आला होता. मी आप्पांचीच मुलगी. चाचांच्या अत्तराचा वास आला की मी मनात म्हणायची, एवढं अत्तर कशाला?

मग नाक्यावरची गोष्ट घडली. मी आप्पांचा डबा घेऊन गेले होते. पडेगावाकडून चाचा सायकलवर आले, आप्पांना पाहून नेहमीसारखा सलाम केला. आप्पांनी बांबू खाली केला. रस्ता अडवायचा तो बांबू, गाड्यांसाठीचा. मागे दोन बैलगाड्या आणि एक ट्रक उभा राहिला. आप्पा म्हणाले, "पिशवी." चाचांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी आप्पांच्या चेहऱ्याकडे बघितलं, सायकल स्टँडवर लावली आणि पिशवीतली एकेक वस्तू काढून आप्पांच्या टेबलावर मांडली. पाण्याची बाटली. टॉवेल. अर्धा नान. दुर्बिणीचं कातडी घर, तेही उघडून, उलटं करून. ट्रकवाला हसत होता. चाचा म्हणाले, "और कुछ, साहेब?" त्या दिवसापर्यंत ते आप्पांना नाकेदारसाब म्हणत, लाडानं, लांबवून. नुसतं साहेब त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी चाचा आले, पण अत्तर लावलं नव्हतं आणि नान आणले नव्हते. आप्पांना हाही पुरावाच वाटला.

उन्हाळा सरता सरता मंडळी हिमायत बागेत एक मेळावा घ्यायची. आमराईत सतरंज्या टाकायच्या, पक्ष्यांची चित्रं दोरीला लावायची, गावातली हौशी माणसं पोराबाळांसकट बोलवायची आणि सर्वांना पन्हं. त्या वर्षी आप्पांनी सरांना सांगितलं की मेळाव्यात मी उभा राहून चोराचं नाव सांगणार. सर म्हणाले, पुरावा? आप्पा म्हणाले, मिळेल. शेवटचा एक पांढरा दगड अजून राखलेला होता, दोन अंडी शाबूत. आदल्या दिवशी दुपारी आप्पांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं. माणूस एकटाच माळावर बसलेला दिसला की लोकांना संशय येतो, मुलगी बरोबर असली की येत नाही, असा त्यांचा हिशोब. आम्ही बांधाआड तरवडाच्या झुडपामागे पालथे झालो. ऊन असं की दगडाला हात लावला तर चटका बसावा.

थोड्या वेळानं चाचा आलेच. दुसऱ्या बाजूनं, सायकल आडवी टाकून, वाकून चालत. आप्पा कुजबुजले, "आला." चाचा ओढ्याच्या खळग्यात उतरले आणि तिथेच बसले. पुढे येईनात. आप्पा म्हणाले, कुणी नाही ना याची खात्री करतोय, सराईत आहे. आम्ही वाट बघत राहिलो. मग खळग्यातून काहीतरी लखलखलं. दुर्बिणीची काच. ती दगडाकडे वळलेली नव्हती, आमच्या झुडपाकडे होती. एवढ्या वेळात मला आणखी एक दिसत होतं आणि ते मी आप्पांना खुणेनं दाखवलं. धाविक लांब उभा होता. धावायचा, थबकायचा, आमच्याकडे बघायचा, खळग्याकडे बघायचा आणि परत मागे जायचा. अंड्यांवर सावली धरायला त्याला येऊ देत नव्हतो ते आम्हीच. एका बाजूला आप्पा आणि मी, दुसऱ्या बाजूला चाचा.

तेवढ्यात कावळा आला. घाई नाही, गडबड नाही. बाभळीवरून सरळ निघाला आणि नेमका त्या पांढऱ्या दगडावर उतरला. सबंध माळावर दुसऱ्या कुठल्याही दगडावर नाही. आपल्याच घरच्या पाटावर बसावं तसा बसला, मान वाकडी करून खाली बघितलं, दोन उड्या मारल्या, एक अंडं चोचीत अख्खं उचललं आणि उडून गेला. टरफल नाही, ओल नाही. आप्पा तोंड उघडं ठेवून बघत राहिले. कावळा परत येताना दिसला तेव्हा ते उठले आणि हात वर करून ओरडत धावले. समोरून खळग्यातून चाचाही टॉवेल फिरवत, ओरडत धावत आले. कावळा वाटेतूनच फिरला. दोघे धापा टाकत त्या दगडाच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि मधे एक अंडं.

पहिल्यांदा चाचा बोलले. "तुम्ही इथं काय करता?"

"तुमच्यासाठी आलो होतो," आप्पा म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, फक्त दुसऱ्याचं पकडायची होती.

"मी तुमच्यासाठी," चाचा म्हणाले. "महिन्याभरापासून येतोय. अंडी बघायला वाकता तेव्हा खिशातून डबी काढता. डबीत कापूस. अंडी कापसातच नेतात ना, नाकेदारसाब? मला वाटलं, सरांच्या कॉलेजला देता. दिल नहीं मानता था, मगर कापूस कायकू, ये समझमेंच नहीं आता था."

आप्पांनी खिशातून डबी काढली आणि उघडून दाखवली. वाळलेला चुना, पांढरा पडलेला बोळा. चाचा बराच वेळ डबीकडे बघत राहिले, मग पायाशी असलेल्या दगडाकडे. दोघांनाही एकाच वेळी कळलं असावं, कारण आप्पा एकदम खाली बसले. आम्ही घोळक्यानं कोंडाळं करायचो, पाखराला उठवायचो, आणि वर ठिकाण विसरू नये म्हणून खूण ठेवून जायचो. कावळ्याला आणखी काय हवं होतं. आप्पांनी तो दगड उचलला आणि जिवाच्या आकांतानं ओढ्याकडे भिरकावला. चाचा म्हणाले, "चला, हटा इथून. चिडिया उन्हात उभी आहे." आम्ही तिघे मागे मागे सरत रस्त्यापर्यंत आलो. तिथून चाचांनी दुर्बीण लावली आणि माझ्या हातात दिली. धाविक धावत, थबकत, धावत आला आणि त्या जागेवर उभा राहून त्यानं पंख थोडे पसरले.

मला वाटलं, झालं, मिटलं. पण परतताना नाका लागला तेव्हा चाचा सायकलवरून उतरले आणि पिशवी पुढे केली. आप्पा म्हणाले, जाऊ द्या. चाचा म्हणाले, "नियम आहे, साहेब." आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हिमायत बागेत माणसं लोटली होती. चोराचं नाव कळणार ही बातमी पन्ह्याच्या आधी पोचलेली. चाचा आले. इस्त्रीची शेरवानी, आणि बसले सगळ्यात मागे, वाटेजवळ, उठून जाता येईल असे. माणसं त्यांच्याकडे वळून बघत होती आणि मग न बघितल्यासारखं करत होती. आप्पा उभे राहिले. मी आईच्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं. आप्पांना भाषण येत नसे. ते आपली रविवारची पिशवी घेऊन सतरंज्यांमधून चालत मागे गेले, चाचांसमोर खाली बसले आणि पिशवी उलटी केली. धपाटे, चटणीची पुडी, कांदा, पंचा आणि चुन्याची डबी.

"कादरमियाँ," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाक्यावर मी तुमची तपासली. आता माझी तपासा. चोर इथंच हाय."

चाचांनी शेरवानीच्या खिशातून काळं भिंग काढलं, उजव्या डोळ्यात अडकवलं आणि खरोखर तपासणी सुरू केली. धपाटा उलटा-पालटा करून पाहिला. कांद्याचा वास घेतला. चटणीची पुडी उघडून बोट लावून चाखली आणि मान डोलावली. पंचा झटकला. मागून कुणीतरी हसलं, मग आई हसली, आणि आई हसली म्हणून मला रडू आलं. सगळ्यात शेवटी त्यांनी डबी उघडली, भिंगातून आत बराच वेळ पाहिलं आणि झाकण लावलं.

"बाकी माल पास," ते म्हणाले. "ही डबी जप्त."

त्यांनी ती खिशात टाकली. मग सरांनी उठून, आप्पांनी आदल्या रात्रीच कानावर घातलेली, कावळ्याची सगळी हकीकत सांगितली आणि टरफलाचा आपला तर्क चुकला हेही सांगितलं. डबी पुढं कायम दुकानात राहिली. तिच्यात चाचा घड्याळांचे बारके स्क्रू ठेवत. पुढच्या रविवारी त्यांनी अत्तर लावलं होतं की नाही, हे मी आधी पाहिलं. लावलं होतं.

त्या दिवसापासून मंडळीत एक नियम झाला. घरटं दिसलं की खूण नाही, थांबणं नाही, दुसऱ्याला सांगणं नाही आणि परत बघायला जाणं तर नाहीच. आता त्या माळावर घरं झालीत. माझ्या नातीच्या वयाची मुलं मोठाले कॅमेरे घेऊन आणखी पुढच्या माळांवर जातात आणि घरट्याचे फोटो मला मोबाइलवर पाठवतात. मी फोटोतलं घरटं बघत नाही, मागच्या झाडावर कावळा आहे का ते बघते.

त्या उरलेल्या अंड्यातून पिल्लू निघालं की नाही, मला माहीत नाही. आप्पांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. दुधाच्या थेंबावर विश्वास न ठेवणारा तो माणूस, उरलेला उन्हाळाभर त्या माळाच्या कडेनं सायकलवर जायचा. दुसरीकडे मान वळवून.